खरेदी समितीची मोटारबोट

माणसानं आयुष्यात एकदा तरी समुद्राला आव्हान द्यावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी १९९६च्या जुलै महिन्यात, नोएडातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहून खणखणीत आवाजात मांडलं. तिथून समुद्र रेल्वेनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस लांब होता आणि ऐकायला फक्त गॅसवाला होता. त्यानं "जी साहब" म्हटलं, रिकामं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला.

सुनेत्रा, म्हणजे आमची सौ., आत पोळ्या करत होती. ती काहीच म्हणाली नाही. ती काहीच म्हणत नव्हती, हाच तर सगळा प्रश्न होता.

प्रश्न थोडक्यात सांगतो. मी मूळचा बार्शीचा. आमच्या लहानपणी पाणी आम्ही घागरीत पाहिलं, त्याहून मोठ्या आकारात नाही. सुनेत्रा दाभोळची. तिचे वडील बंदर खात्यात होते आणि खाडीतल्या होड्या, लाँची तपासून त्यांना दाखले द्यायचे. लग्न करून ती दिल्लीला आली आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही एकतीस वर्षं काढली. निवृत्त झालो की कोकणात जायचं, हे ठरलेलं होतं. ठरलेलं होतं म्हणजे तिनं ठरवलं होतं आणि मी "बघू" म्हटलं होतं. सरकारी भाषेत "बघू" म्हणजे नकार, हे एवढ्या वर्षांत तिला कळलं असेल अशी माझी समजूत होती. मग मी तिला न विचारता नोएडात फ्लॅट घेतला. म्हटलं, तिला आश्चर्याचा धक्का द्यावा. धक्का बसला.

"दिवाळीपर्यंत राहून बघते," ती शांतपणे म्हणाली. "नाही जमलं तर मी दाभोळला जाईन. भावानं वरची खोली रिकामी ठेवलीय. तुम्हाला यायचं असेल तर या."

भांडण नाही, रडणं नाही. बायको भांडत असली की माणसाला निदान आपली बाजू मांडता येते. ती फक्त संध्याकाळी बाल्कनीत उभी राहायची आणि म्हणायची, "इथं वारा कुठून येतो तेच कळत नाही."

माझ्या हातात चार महिने होते.

त्या काळात दिल्लीच्या आसपास प्रत्येक जण काही ना काही घेत होता. देशाची दारं उघडली होती आणि ती बंद व्हायच्या आत आपण काहीतरी आत ओढून घ्यावं, अशी सगळ्यांना घाई होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक परदेशी फ्रिज आला. तो दारातून आत जाईना, म्हणून त्यांनी दार काढलं. मग फ्रिज आत गेला आणि दार बसेना. अशा वातावरणात एका रविवारी पेपरात छोटी जाहिरात दिसली : 'स्पीडबोट. इंपोर्टेड. एकच मालक. नाममात्र वापर.'

मला एकदम प्रकाश पडला. हिला पाणी हवंय ना? मग पाण्यासाठी नोएडा कशाला सोडायचं? आधी बोट आणू, पाण्याचं मग पाहता येईल. यात तुम्हाला काही चुकीचं वाटत असेल तर तुम्ही सरकारी नोकरी केलेली नाही. आमच्या खात्यानं चौतीस वर्षं याच क्रमानं कामं केली आणि बरीचशी पूर्णही झाली.

सुनेत्राला मी म्हटलं, "तुझ्यासाठी एक गोष्ट घेतोय. सरप्राइज."

"पुन्हा?" ती म्हणाली.

आता सेकंडहँड बोट कशी निवडावी, याची मला सुतराम कल्पना नव्हती. पण वस्तूची कल्पना नसताना ती वस्तू रीतसर कशी खरेदी करावी, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. मी तीन सभासदांची खरेदी समिती नेमली. अध्यक्ष मी. सभासद क्रमांक एक, शेजारचे अंबादासराव, रेल्वेच्या हिशेब तपासणीतून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सभासद क्रमांक दोन, वरच्या मजल्यावरचा धवल. हा पुण्याचा, तीस वर्षांचा, कंप्युटरच्या कंपनीत कामाला. त्याला समितीत घ्यायचं कारण म्हणजे त्याच्याकडे प्रिंटर होता.

पहिल्याच बैठकीत अंबादासरावांनी आक्षेप घेतला. "एकाच बोटीचा विचार करणं नियमात बसत नाही. किमान तीन दरपत्रकं पाहिजेत."

"काका, अख्ख्या दिल्लीत तीन बोटी विकायला असतील का, यार?" धवल म्हणाला.

"नसल्या तर तसा शेरा मारू. पण शोधल्याची नोंद पाहिजे."

म्हणून आम्ही शोधल्या. दुसरी बोट सोहना रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या करमणूक उद्यानात सापडली. ती राजहंसाच्या आकाराची होती आणि पायडल मारून चालायची. राजहंसाची मान मोडली होती आणि ती आत ठेवलेली होती. तिसरी एका खात्याच्या लिलावात होती. पुराच्या वेळी माणसं वाचवण्यासाठी घेतलेली. तिच्या तळातून पिंपळाचं चांगलं हातभर रोप वर आलं होतं. अंबादासरावांनी चप्पल काढून त्याला नमस्कार केला आणि मग नोंद केली, 'तळाची स्थिती : सजीव.'

धवलनं तौलनिक तक्ता छापून आणला. अश्वशक्ती या रकान्यात पहिल्या बोटीपुढे चाळीस, दुसरीपुढे 'दोन माणसं' आणि तिसरीपुढे 'लागू नाही' असं होतं. तक्ता फारच देखणा झाला होता. तो बघून मला जुन्या ऑफिसची इतकी आठवण झाली की क्षणभर डोळे भरून आले.

बैठक आमच्याच घरी होती. सुनेत्रा पोह्यांच्या बश्या घेऊन आली, टेबलावरच्या तक्त्याकडे तिनं एक नजर टाकली आणि सरप्राइज तिथेच संपलं. ती एवढंच म्हणाली, "पाण्यात घालून बघितलीत का?"

अंबादासरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्ष या नात्यानं म्हणालो, "तो टप्पा नंतरचा आहे."

इतिवृत्तात पुढीलप्रमाणे नोंद आहे, आणि ते इतिवृत्त माझ्या हाताचं आहे : 'सौ. नी मांडलेला मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्यामुळे विचारात घेण्यात आला नाही. पोहे उत्तम होते.'

पहिली बोट छतरपूरकडच्या एका फार्महाऊसवर होती. मालक भसीन म्हणून गृहस्थ. नळाच्या तोट्यांचा कारखाना होता आणि मन मोठं होतं. त्यांनी आम्हाला लस्सी पाजली आणि लॉनवर नेलं. पोहण्याच्या तलावाशेजारी, झालरवाल्या शामियान्याखाली ट्रॉलीवर ती उभी होती. पांढरीशुभ्र, निळा पट्टा, सोळा फूट लांब, पाठीमागे चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. अंगावर एक ओरखडा नाही.

"कितनी चली है?" मी अनुभवी माणसाच्या आवाजात विचारलं.

"चली?" भसीनसाहेब हसले. "साहब, ये चलाने के लिए थोड़े ही ली थी! पार्टी में इसमें बर्फ भरते हैं, बोतलें लगाते हैं. दो सौ मेहमान आराम से हो जाते हैं." मग त्यांनी आम्हाला बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी असलेलं एक गोल भोक दाखवलं. "और ये देखिए. बर्फ पिघली, पानी इधर से बाहर. नीचे बाल्टी रख दो, बस. फॉरेनवालों का दिमाग देखिए!"

समितीनं भोकाची पाहणी केली. धवलनं त्यात बोट घालून पाहिलं. अंबादासरावांनी लिहिलं, 'जलनिस्सारणाची सोय समाधानकारक.'

पण खरं सांगायचं तर मी त्या बोटीवर भाळलो नाही. मी भाळलो ते फायलीवर. भसीनसाहेबांच्या मुनीमजींनी बोटीची फाईल आणून दिली आणि मी ती उभ्या उभ्या वाचायला लागलो. पानांना क्रमांक, हिरवी नाडी, आयातीचे कागद तारखेप्रमाणे, प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा. चौतीस वर्षांत इतकी निर्मळ फाईल मी दोनदाच पाहिली होती आणि त्यातली एक माझी होती. ज्या वस्तूची फाईल अशी, ती वस्तू वाईट असेल तरी कशी? मी तिथल्या तिथे होकार दिला. किंमत इथे लिहीत नाही. ती सुनेत्रालाही सांगितलेली नाही.

बोट टेम्पोच्या मागे बांधून नोएडात आली आणि माझ्या पार्किंगच्या जागेत उभी राहिली. म्हणजे तिचा पुढचा भाग उभा राहिला. मागचा भाग अंबादासरावांच्या जागेत गेला. त्याच दिवशी मला सोसायटीच्या सेक्रेटरींची, म्हणजे अंबादासरावांचीच, लेखी नोटीस आली. समितीचे सभासद म्हणून त्यांनी बोटीची शिफारस केली होती आणि सेक्रेटरी म्हणून तिला हरकत घेतली होती. मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही फायली वेगळ्या आहेत."

शेवटी पार्किंगचा बिल्ला मिळाला, तो स्कूटरचा. नियमावलीत दुचाकी आणि चारचाकी असे दोनच प्रकार होते, आणि ट्रॉलीला चाकं दोन.

सुनेत्रा खाली येऊन बोटीभोवती एकदा फिरली. वाकून तळाला तिनं बोटाच्या पेरांनी दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, मागच्या भोकाशी जराशी थांबली आणि म्हणाली, "रंग छान आहे." बस्स. मी ते कौतुक समजलो. दिवस जात राहिले. बोटीत वरच्या मजल्यावरच्या गाद्या उन्हाला पडू लागल्या. एका मांजरीनं तीन पिल्लं घातली. येणारे-जाणारे विचारायचे, "दातारसाहब, बाढ़ आनेवाली है क्या?" मी हसायचो. पण एकदा मी वर आलो तर सुनेत्रा भावाला पत्र लिहीत होती. मला बघून तिनं पत्र झाकलं नाही. तेच मला जास्त लागलं.

मग परवान्याकडे वळलो. वाहनांचं ऑफिस म्हणालं, पाण्यात चालते, आमच्याकडे नाही. पाण्याचं ऑफिस म्हणालं, इंजिन आहे, आमच्याकडे नाही. तिसऱ्या ऑफिसानं फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'पाण्याचा कायमचा पत्ता'. नदीला कायमचा पत्ता कसा असणार, हे विचारायला मी तावातावानं खिडकीवर गेलो. खिडकीमागे क्षिप्रा नावाची उज्जैनची तरुण मुलगी होती. अतिशय नम्र. तिनं कपाटातून एक पिवळं पडलेलं परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"सर, १९८३ के इस सर्कुलर में लिखा है. और एक एनओसी भी लगेगी, इस पदवाले अधिकारी की."

मी म्हणालो, "हे कुणा मूर्खानं लिहिलंय?"

तिनं फक्त पान उलटलं. खाली सही होती. माझी.

वाचकहो, माणसासमोर अचानक कुणी आरसा धरावा, तसं ते झालं. त्यातला प्रत्येक शब्द मला आठवला. ते परिपत्रक लिहायला मला अकरा दिवस लागले होते आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. त्या अकरा दिवसांत, हे कधी कुणाला भरावं लागेल, आणि तो माणूस कुठं उभा असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि ज्या अधिकाऱ्याची हरकत नसल्याचा दाखला लागणार होता, ते पद १९८९मध्ये काटकसरीपायी रद्द झालं होतं. त्या शिफारशीवरही सही माझीच होती.

मी निघायला वळलो. क्षिप्रानं हाक मारली. "सर, पैरा नौ देखिए. परीक्षण के लिए एक दिन की अनुमति मिल सकती है. आपने ही लिखा है."

लिहिलं होतं खरं. एवढं एक माणुसकीचं कलम माझ्या हातून कसं निसटलं कोण जाणे. दिवाळीच्या आधीच्या रविवारची परवानगी मिळाली. फक्त एक दिवस.

ठिकाण ठरलं ब्रजघाट. दिल्लीपासून दोन-अडीच तासांवर, जिथं गंगा रुंद आहे आणि कुणी फार प्रश्न विचारत नाही. टेम्पोमागे बोट, व्हॅनमध्ये समिती, नारळ, कुंकू, आणि धवलनं छापलेली चौदा पानी सूचना. सुनेत्रा खिडकीशी बसली होती. दाभोळला जायच्या गाडीचं तिनं काय ठरवलंय, हे विचारायचं मी सकाळपासून चार वेळा मनात योजलं आणि चारही वेळा हवापाण्यावर बोललो.

नारळ फुटला. ट्रॉली उतारावरून पाण्यात गेली. बोट तरंगली! धवलनं टाळ्या वाजवल्या. अंबादासराव उभे राहून तौलनिक तक्त्यातला निष्कर्ष मोठ्यानं वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला बोटीचा मागचा भाग जरा खाली गेल्यासारखा वाटला. पाचव्या वाक्याला नारळ फोडताना आत काढून ठेवलेल्या आमच्या चपला तरंगायला लागल्या.

काठावर बसलेला एक म्हातारा नावाडी बिडी काढून म्हणाला, "बाबूजी, आपकी नैया तो खुद ही नहा रही है."

"जलनिस्सारण!" अंबादासराव ओरडले. "ते उलटं चालू झालंय!"

मी पुढे धावलो, धवल सूचनांचं नववं पान शोधू लागला, आणि टेम्पोवाला देवाचं नाव घेऊ लागला. तेवढ्यात मागून सुनेत्राचा आवाज आला. तो मी एकतीस वर्षांत ऐकलेला नव्हता. "दोर धरा! तिघांनीही! वर ओढा! आधी ओढा, मग बोला!"

आम्ही ओढली. बोट उतारावर आली आणि ज्या भोकातून गंगा आत गेली होती, त्याच भोकातून धारेनं बाहेर आली.

"याला बूच असतं," सुनेत्रा म्हणाली. "पाण्यात घालताना बसवायचं, बाहेर काढली की काढायचं. तुमच्या त्या भसीननं बर्फासाठी फेकून दिलं असणार."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्या दिवशी पाहिलं ना मी खाली."

"मग बोलली का नाहीस?"

"विषयपत्रिकेवर नव्हतं."

घाटावर एका भाजीच्या गाडीवाल्याकडे मुळे होते. तिनं एक जाडजूड निवडला, पूजेच्या सुरीनं तासून निमुळता केला, रुमालाचा वेढा दिला आणि दगडानं ठोकून भोकात बसवला. पाणी थांबलं. अंबादासरावांनी हळूच विचारलं, "मुळा नोंदवायचा का? एक नग?"

इंजिन सुरू होईना. धवलनं दोरी सतरा वेळा ओढली आणि प्रत्येक वेळी "बस काकू, आता होणारच" म्हणाला. सुनेत्रानं वास घेतला, टाकीच्या झाकणावरचा एक बारीक स्क्रू दोन फेरे सैल केला आणि म्हणाली, "आत हवा गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल? बाबांच्या खात्याची बोट अशीच अडायची." मग पदर खोचून तिनं दोरी एकदाच ओढली.

इंजिन असं गरजलं की काठावरचे बगळे उडाले.

"चला, चला," म्हणत समिती चढायला निघाली. सुनेत्रानं हात आडवा केला. "चौघं बसलो तर मुळ्याचं मी सांगू शकत नाही." समितीनं एकमतानं काठावर थांबायचं ठरवलं. नावाड्याच्या डोळ्यांत मला कधी नव्हे ते आदराचं काहीतरी दिसलं. तो आदर माझ्यासाठी नव्हता.

आणि मग आम्ही दोघंच नदीवर होतो. ती चाकामागे उभी होती. मी पुढे, तिच्याकडे तोंड करून, फायबरच्या फळीवर दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसलो होतो. चपला काढून ती अनवाणी उभी होती. केस सुटत होते आणि ते सावरायचं तिला सुचत नव्हतं. "वायव्येचा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. वाऱ्याबद्दल. मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या घरात एकतीस वर्षं ही बाई राहत होती आणि मी तिला पोह्यांबद्दल अभिप्राय देत होतो. वाटलं, मी बोट निवडायला तीन माणसं नेमली, तक्ता केला, पिंपळाला नमस्कार केला, आणि ज्या एका माणसाला विचारायचं त्याला सोडून सगळ्यांना विचारलं. फ्लॅटचंही तेच.

मी घसा साफ केला. हे एखादं साधं वाक्य नव्हतं. चार महिने, आणि खरं तर एकतीस वर्षं, ते साचलेलं होतं. मी म्हणालो, "सुनेत्रा, मी चुकलो. तुला विचारायला हवं होतं. आता विचारतो. नोएडा की दाभोळ? तू सांगशील ते. मी बघू म्हणणार नाही. तू म्हणालीस तर उद्या फ्लॅट विकायला काढतो. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

इंजिनाचा आवाज फार होता. तिला ऐकू गेलं नाही असं वाटून मी अर्धवट उठलो, एक हात छातीशी नेला आणि सगळं पहिल्यापासून, अधिक मोठ्यानं, पुन्हा म्हणायला सुरुवात केली.

तिनं मान जराशी डावीकडे झुकवली, मग उजवीकडे.

"पहिल्यांदाच ऐकलं मी," ती म्हणाली. "सांगते. पण आधी जरा बाजूला सरका बघू. तुम्ही मधे आलात की मला पुढचं काही दिसत नाही."